पेटंटचे दावे आणि शब्दार्थनिर्णय

तंत्रव्यवसायातील दोन मोठ्या कंपन्या पेटंटच्या प्रश्नावरून न्यायालयात उभ्या राहिल्या म्हणजे सकृद्दर्शनी तो यंत्रांचा वाद वाटतो. एकीने दुसरीची कल्पना उचलली किंवा नाही, एवढाच त्या वादाचा आशय असावा, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु अशा दाव्यांतील निकालपत्रे वाचू लागल्यावर वेगळाच अनुभव येतो. पानेच्या पाने एखाद्या नामाच्या, क्रियाविशेषणाच्या, किंबहुना एखाद्या उभयान्वयी अव्ययाच्या अर्थावर खर्ची पडलेली दिसतात. त्या अर्थावर कोट्यवधींची भरपाई अवलंबून असते आणि प्रतिस्पर्ध्याचा माल बाजारात राहावयाचा की नाही हेही ठरते. यंत्र साक्षीदारासारखे बाजूला उभे असते. खटला चालतो तो शब्दाचा. हे असे का घडते, शब्दाचा अर्थ तेथे कोणत्या साधनांनी ठरविला जातो, आणि अर्थाच्या अनिश्चिततेचे व्यापारी शस्त्र कसे बनते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. हक्कवाक्याचे स्वरूप

पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील एकस्व, हा शासन आणि संशोधक यांच्यामधील एक प्रकारचा करार होय. संशोधकाने आपला शोध जाणकारास समजेल अशा रीतीने उघड करावा आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने त्याला ठरावीक मुदतीपुरता एक हक्क द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. आज बहुतेक देशांत ही मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षांची असते. हा हक्क मूलतः मनाईचा आहे. तो इतरांना ती वस्तू बनविण्यापासून, वापरण्यापासून वा विकण्यापासून रोखण्याचा हक्क आहे. साहजिकच मनाई नेमकी कोठवर, हा प्रश्न निर्माण होतो.

त्याचे उत्तर पेटंटच्या लेखातच दिलेले असते. या लेखाचे मुख्य भाग दोन. पहिल्यात शोधाचे सविस्तर वर्णन आणि आकृत्या असतात. दुसऱ्यात क्रमांक घातलेली काही विधाने असतात. त्यांना इंग्रजीत क्लेम म्हणतात. मराठीत 'दावा' हा शब्द न्यायालयातील फिर्यादीसाठी रूढ असल्यामुळे येथे क्लेमसाठी 'हक्कवाक्य' हा शब्द योजला आहे. तो अन्वर्थकही आहे; कारण अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या प्रथेनुसार असे प्रत्येक विधान एकाच वाक्यात लिहावे लागते. यंत्राचे दहा भाग, त्यांची जोडणी आणि त्यांचे कार्य हे सर्व त्या एका वाक्यात गोवावयाचे असल्यामुळे ही वाक्ये कित्येकदा अर्धेअधिक पृष्ठ व्यापतात.

या वाक्यांतील भाषा दिसते इंग्रजी, परंतु तिचे व्याकरण निराळे आहे. 'कम्प्रायझिंग' या शब्दाने घटकांची यादी सुरू झाली तर ती खुली समजतात. प्रतिस्पर्ध्याने आपल्या यंत्रात आणखी चार भाग बसविले तरी त्याची सुटका होत नाही. तेथेच 'कन्सिस्टिंग ऑफ' असे म्हटले असेल तर यादी बंद झाली, आणि एक जादा भाग बसविणारा सामान्यतः कक्षेबाहेर गेला. सामान्य व्यवहारात हे दोन शब्दप्रयोग बहुधा एकमेकांच्या जागी चालतात. येथे मात्र त्यांच्यातील भेदावर कारखाने चालतात वा थांबतात.

२. लक्षण आणि त्याचे तीन दोष

हक्कवाक्याचे कार्य भारतीय अभ्यासकास चटकन उमगावे असे आहे. नैयायिक ज्याला लक्षण म्हणतात, तेच हे होय. लक्षणाने लक्ष्य वस्तू सर्व व्यापावी आणि अन्य काही व्यापू नये. गाईचे लक्षण सांगताना 'शिंगे असलेला प्राणी' असे म्हटले तर ते म्हशीसही लागू पडते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाचा प्राणी' म्हटले तर पांढरी गाय सुटते; ही अव्याप्ती. 'अखंड खुराचा प्राणी' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

पेटंटच्या दाव्यातील डावपेच याच तीन दोषांभोवती फिरतात. हक्कवाक्यात अतिव्याप्ती असेल तर त्यात आधीपासून ज्ञात असलेली साधनेही येतात, आणि मग शोधात नवीन काही नाही असे ठरून पेटंटच रद्द होते. अव्याप्ती असेल तर प्रतिस्पर्धी किंचित फेरफार करून निसटतो. म्हणून दावा लावणाऱ्या कंपनीस प्रतिस्पर्ध्याकडे बोट दाखविताना शब्दाचा अर्थ विस्तृत हवा असतो आणि पूर्वीच्या शोधांकडे पाहताना तोच अर्थ संकुचित हवा असतो. प्रतिवादीची गरज नेमकी उलट असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये 'व्हाइट विरुद्ध डनबार' या निकालात हक्कवाक्य म्हणजे हवे तसे वळविता येणारे मेणाचे नाक नव्हे, अशी ताकीद दिली होती. ही ताकीद पुढेही वारंवार उद्धृत करावी लागली, यावरूनच नाक वळविण्याचा मोह किती टिकाऊ आहे ते दिसते.

तिसऱ्या दोषाचेही उदाहरण उपलब्ध आहे. 'शेफ अमेरिका विरुद्ध लँब-वेस्टन' या २००४ च्या खटल्यात कणकेचे आवरण असलेले पदार्थ भाजण्याची पद्धत वादात होती. हक्कवाक्यात, कणीक ४०० ते ८५० अंश फॅरनहाइट तापमाना'पर्यंत' तापवावी, असे लिहिले होते. भट्टी त्या तापमानाची असावी, असा लिहिणाऱ्याचा हेतू उघड दिसत होता. परंतु शब्दांचा सरळ अर्थ कणीक स्वतः तेवढी तापावी असाच होतो, आणि तसे केले तर तिचा कोळसा होईल. न्यायालयाने वाक्य दुरुस्त करण्यास नकार दिला. जे लिहिले तेच वाचावयाचे, पेटंटधारकाच्या सोयीसाठी नवे वाक्य लिहावयाचे नाही, ही त्याची भूमिका होती. मराठीत हा भेद 'तापमानापर्यंत' आणि 'तापमानात' एवढाच; इंग्रजीत तर दोन अक्षरी शब्दयोगी अव्ययाचा. तेवढ्याने प्रतिस्पर्धी मोकळा झाला.

३. अर्थ कोणी ठरवावा आणि कशावरून

अमेरिकेत दिवाणी दाव्यांतही ज्यूरी असते. वस्तुस्थितीचा निर्णय ज्यूरीचा आणि कायद्याचा न्यायाधीशाचा, अशी तेथील वाटणी आहे. मग शब्दाचा अर्थ ही वस्तुस्थिती की कायदा? 'मार्कमन विरुद्ध वेस्टव्ह्यू' या खटल्यात हा प्रश्न निर्णायक ठरला. कपडे धुऊन देणाऱ्या दुकानांतील मालाची नोंद ठेवणारी यंत्रणा हा त्या वादाचा विषय होता आणि 'इन्व्हेंटरी' म्हणजे साठा, हा वादग्रस्त शब्द. प्रतिवादीची यंत्रणा पावत्या आणि येणे रकमा यांची नोंद ठेवी; प्रत्यक्ष कपड्यांचा मागोवा घेत नसे. ज्यूरीने उल्लंघन झाल्याचा कौल दिला. न्यायाधीशाने मात्र साठा या शब्दात कपडे आलेच पाहिजेत असा अर्थ लावून तो कौल बाजूस सारला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने न्यायाधीशाचा हा अधिकार मान्य केला. तेव्हापासून तेथील पेटंटच्या दाव्यांत केवळ अर्थनिर्णयासाठी स्वतंत्र सुनावणी घेण्याची प्रथा पडली असून तिला 'मार्कमन सुनावणी' असेच नाव आहे. बहुतेक दाव्यांचे भवितव्य या सुनावणीत दिसू लागते.

अर्थ कशावरून ठरवावयाचा, हा पुढचा प्रश्न. आपल्या शास्त्रकारांनी शब्दाच्या शक्तीचे ज्ञान होण्याची आठ साधने सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि प्रसिद्ध पदाचे सान्निध्य. अमेरिकेतील पेटंट-अपिलांचे फेडरल सर्किट न्यायालय या साधनांच्या अग्रक्रमाविषयी दीर्घकाळ चाचपडत होते. २००२ च्या 'टेक्सास डिजिटल' निकालात त्याने कोशास अग्रस्थान दिले. कोश तटस्थ असतो, दाव्यासाठी तयार केलेला नसतो, असे त्यामागील समर्थन होते. परंतु कोशकार एका शब्दाचे पाच-दहा अर्थ देतो आणि ते संदर्भापासून सुटे करून देतो. त्यामुळे उभय पक्ष आपापल्या सोयीचा कोश घेऊन येऊ लागले. अखेर २००५ मध्ये 'फिलिप्स विरुद्ध ए. डब्ल्यू. एच.' या खटल्यात संपूर्ण पीठाने हा क्रम बदलला. तेथे भिंतीच्या आतील पोलादी 'बॅफल', म्हणजे अडसरपट्ट्या, काटकोनात बसविलेल्या चालतात की नाहीत, असा वाद होता. न्यायालयाने सांगितले की, हक्कवाक्य हे ज्या लेखाचा भाग आहे त्या लेखाच्या प्रकाशात, आणि त्या क्षेत्रातील जाणकाराच्या दृष्टीने वाचले पाहिजे. कोश आणि तज्ज्ञांची साक्ष ही दुय्यम साधने होत. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर कोश आणि आप्तवाक्य यांहून वाक्यशेष, विवरण आणि व्यवहार हे बलवत्तर ठरले.

व्यवहाराचे बल ब्रिटनमधील 'कॅटनिक विरुद्ध हिल अँड स्मिथ' या १९८० च्या निकालात विशेष स्पष्ट झाले होते. दारावरील पोलादी तुळईचा मागील भाग 'उभा' असावा, असे हक्कवाक्यात म्हटले होते. प्रतिस्पर्ध्याने तो ओळंब्यापासून सहा ते आठ अंश कलता ठेवला आणि आपण कक्षेबाहेर आहोत असे म्हटले. भूमितीच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर होते. परंतु न्यायमूर्ती लॉर्ड डिप्लॉक यांनी विचारले ते असे की, बांधकाम करणाऱ्या व्यवहारी माणसास या शब्दाने अचूक लंबरेषाच अभिप्रेत आहे असे वाटले असते काय? उत्तर नकारार्थी आल्यामुळे कलता भागही 'उभा' ठरला. कणकेच्या खटल्यातील अक्षरनिष्ठा आणि तुळईच्या खटल्यातील हेतुनिष्ठा ही अर्थनिर्णयाची दोन टोके होत.

या दोन टोकांच्या मध्ये व्याकरणही हजर असते. 'सुपरगाइड विरुद्ध डायरेक्टव्ही' या २००४ च्या खटल्यात दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेची यंत्रणा वादग्रस्त होती. कार्यक्रमाची आरंभवेळ, समाप्तीची वेळ, वाहिनी 'आणि' प्रकार यांतील 'किमान एक' साठविला जावा, असा त्या हक्कवाक्याचा रोख होता. चारांतील कोणतेही एक पुरे, की प्रत्येकातील किमान एक हवे? न्यायालयाने इंग्रजी लेखनशैलीच्या एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचा आधार घेऊन दुसरा अर्थ स्वीकारला. मराठीत 'यांपैकी किमान एक' असे म्हटल्यास पहिलाच अर्थ निघतो. कारण 'पैकी' हे अव्यय समुच्चयातून निवड सुचविते. इंग्रजीतील संबंधदर्शक अव्ययास ते सामर्थ्य नाही. एका भाषेत संदिग्ध असलेली रचना दुसरीत निःसंदिग्ध असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४. ॲपल आणि सॅमसंग : एका शब्दाची कहाणी

आतापर्यंत पाहिलेली तत्त्वे प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मोठ्या लढ्यात कशी वावरतात, हे ॲपल आणि सॅमसंग यांच्या दाव्यांत दिसते. दोघींमधील पहिला दावा एप्रिल २०११ मध्ये आणि दुसरा फेब्रुवारी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. दुसऱ्यातील एका पेटंटचा अर्ज ॲपलने १ फेब्रुवारी १९९६ रोजी केला होता. म्हणजे ते आयफोनच्या ११ वर्षे आधीचे. संदेशातील दूरध्वनी क्रमांक वा पत्ता यंत्राने आपोआप ओळखावा आणि त्यावर बोट ठेवताच फोन लावणे यांसारख्या क्रिया उपलब्ध कराव्या, हा त्याचा विषय. ही ओळख पटविणाऱ्या घटकास हक्कवाक्यात 'ॲनालायझर सर्व्हर' म्हटले होते.

सर्व्हर म्हणजे काय? मागणी करणाऱ्या 'क्लायंट' कार्यक्रमापासून वेगळा असलेला, त्यास सेवा पुरविणारा कार्यक्रम, हा संगणकशास्त्रातील रूढ अर्थ. सॅमसंगच्या फोनमध्ये हे काम निरनिराळ्या कार्यक्रमांस सामाईक असलेल्या आज्ञासंग्रहातून होत असे. तो संग्रह वेगळा सर्व्हर, की त्याचा वापर करणाऱ्या कार्यक्रमाचाच एक अंश? येथे अर्थ आणि वस्तू यांची सांगड घालावयाची होती. खटल्याची साक्ष संपत आली असताना, २५ एप्रिल २०१४ रोजी, ॲपल आणि मोटोरोला यांच्यामधील वेगळ्याच प्रकरणात फेडरल सर्किट न्यायालयाने याच शब्दाचा निर्णय दिला : सर्व्हर हा क्लायंटपासून वेगळा असला पाहिजे. त्यामुळे उभय पक्षांच्या तज्ज्ञांस पुन्हा साक्षीस उभे करावे लागले. तरीही ज्यूरीने उल्लंघन झाल्याचे ठरविले. मे २०१४ मधील एकूण ११ कोटी ९६ लाख डॉलरच्या भरपाईपैकी सुमारे ९ कोटी ८७ लाख डॉलर या एका पेटंटपोटी होते. सॅमसंगच्या प्रतिदाव्यात तिला मिळाले ते १ लाख ५८ हजार ४०० डॉलर.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी या पेटंटची मुदत संपली. शब्दाचा वाद मात्र संपला नव्हता. त्याच महिन्याच्या २६ तारखेस अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सामाईक संग्रह हा वेगळा सर्व्हर नव्हे असे म्हणून कौल फिरविला. ७ ऑक्टोबर रोजी त्याच न्यायालयाच्या संपूर्ण पीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी तो पुन्हा कायम केला. शब्दाचा अर्थ सांगणे हे न्यायाधीशाचे काम असले तरी अमुक वस्तू त्या अर्थात बसते काय हे ज्यूरीने पुराव्यावरून ठरविले होते, आणि त्यात हात घालावयास नको होता, असे बहुमताचे म्हणणे पडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. 'वेगळा' या विशेषणाचा निकाल लागावयास दावा दाखल झाल्यापासून जवळजवळ सहा वर्षे लागली.

पहिल्या दाव्यातही शेवटी एक शब्दच उरला. आकृतीच्या पेटंटचे उल्लंघन करणाऱ्याने ज्या 'निर्मित वस्तू'वर ती आकृती वापरली तिचा संपूर्ण नफा द्यावा, असा अमेरिकी कायदा आहे. त्याचे मूळ १८८७ च्या अधिनियमात असून तो गालिच्यांच्या आकृतीवरील खटल्यांनंतर झाला होता. गालिच्यात आकृती आणि वस्तू विलग करणे कठीण. परंतु फोनची 'वस्तू' कोणती? संपूर्ण फोन, की केवळ त्याचे आवरण वा पडदा? ६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, वस्तू या शब्दात विकला जाणारा संपूर्ण माल आणि त्याचा एखादा घटक ही दोन्ही येऊ शकतात. या प्रकरणात कोणती घ्यावयाची ते मात्र सांगितले नाही. ३९ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई अशा रीतीने पुन्हा अनिश्चित झाली. मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने सुमारे ५३ कोटी ९० लाख डॉलर ठरविले, आणि जूनमध्ये उभय कंपन्यांनी तडजोड केली.

५. अनिश्चितता हेच शस्त्र

या कहाणीतील दोन्ही पक्ष धनाढ्य होते. ते सात वर्षे लढू शकले. लहान प्रतिस्पर्ध्याची गोष्ट वेगळी. त्याला शब्दाच्या खऱ्या अर्थापेक्षा तो अर्थ ठरेपर्यंतच्या काळाचे भय अधिक. विकिलाची फी चालू असते, गिऱ्हाईक साशंक होते, आणि मनाई हुकूम मिळाल्यास माल पडून राहतो. अशा वेळी आपली बाजू बरोबर आहे असे वाटत असूनही तडजोड करणे त्यास परवडते. म्हणजे शब्द जितका संदिग्ध तितका तो शस्त्र म्हणून उपयोगी, असा विपरीत न्याय निर्माण होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये 'नॉटिलस विरुद्ध बायोसिग' या निकालात हक्कवाक्यांनी त्या क्षेत्रातील जाणकारास शोधाची व्याप्ती वाजवी निश्चिततेने कळविली पाहिजे, अन्यथा ती रद्द समजावीत, असा कठोर निकष घातला तो याच कारणास्तव. पेटंटधारकाचीही बाजू आहे. भाषेत कोणताही शोध काठोकाठ मावत नाही, आणि सर्व संदिग्धता काढून टाकावयाची म्हटले तर हक्कवाक्य इतके आकुंचित होईल की, नक्कल करणारा सहज निसटेल. म्हणूनच त्या न्यायालयानेही पूर्ण निश्चितता मागितलेली नाही.

काळाचे हे महत्त्व भारतातील एका दाव्यात स्पष्ट झाले. पुण्याच्या बजाज ऑटोकडे लहान क्षमतेच्या चारटप्पी इंजिनात दोन ठिणगी-प्लग बसविण्याविषयीचे पेटंट होते. टी. व्ही. एस. कंपनीने १२५ सी. सी.ची नवी मोटरसायकल आणली तेव्हा २००७ मध्ये प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. टी. व्ही. एस.च्या इंजिनातही दोन प्लग होते, परंतु झडपा तीन होत्या; बजाजच्या इंजिनात त्या दोन होत्या. झडपांची संख्या हे शोधाचे लक्षण, की केवळ उपलक्षण, असा प्रश्न पडला. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो उठविला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस परवानगी देऊन हिशेब ठेवण्याची व्यवस्था केली. तसेच अशा दाव्यांत वर्षानुवर्षे तात्पुरत्या हुकमावरच भांडण चालते याविषयी नापसंती दर्शवून ते सामान्यतः चार महिन्यांत निकालात काढावे, असे बजावले. तथापि हे प्रकरण २०१९ मध्ये तडजोडीनेच मिटले.

६. समारोप

वरील विवेचनावरून अभ्यासकांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी. शब्दार्थ हा कोशात बंदिस्त नसून लेख, व्यवहार आणि प्रयोजन यांच्या संबंधातून सिद्ध होतो, हा भाषाविज्ञानाचा सिद्धान्त न्यायालयांनी स्वतःच्या अनुभवातून, बऱ्याच चुकांनंतर, जवळजवळ स्वीकारला आहे. तथापि अर्थाची सीमारेषा कोठे ओढावयाची हे भाषाविज्ञान एकटे सांगू शकत नाही. रचना संदिग्ध आहे काय, असल्यास तिचे संभाव्य अर्थ किती, आणि त्या क्षेत्रातील लोक ती कशी वापरतात, एवढे ते सांगू शकेल. संभाव्य अर्थांपैकी कोणाच्या बाजूचा पत्करावा, हा न्यायाचा आणि धोरणाचा प्रश्न होय.

भारतीय पेटंट कार्यालयात कागदपत्रे हिंदीत अथवा इंग्रजीत दाखल करावी लागतात. मराठी भाषक संशोधकाचे हक्कवाक्य म्हणूनच बहुधा अशा भाषेत लिहिले जाते, जिच्यातील 'पर्यंत' आणि 'पैकी' यांच्या मर्यादा त्याच्या अंगवळणी पडलेल्या नसतात. शोध त्याचा, परंतु त्याचे कुंपण परभाषेतील अव्ययांनी घातलेले, अशी ही स्थिती आहे. त्या कुंपणातील फट प्रतिस्पर्ध्याचा वकील शोधून काढतो. ती आधी दिसावी, यासाठी शास्त्रशाखांतील विद्यार्थ्यांस वाक्यार्थविचाराचा थोडा तरी परिचय करून देणे ही भाषाविभागांनी आपल्या कक्षेतील गोष्ट मानावयास हवी.